लंगडी आली की

नाशिकहून फॉर्म आला, वीस प्रश्नांचा.
श्वास थांबल्यावर पहिलं काय कराल,
छाती किती खोल दाबाल,
योग्य पर्यायावर खूण करा.
मला वीसपैकी नऊ.
डॉक्टरांना तेरा, ते म्हणाले, कुठं बोलू नका.
हौशिराम भोयेला फॉर्मच नव्हता.
चतुर्थ श्रेणी. यादीत नाव नाही.

पण पेठच्या आमच्या दवाखान्यात
रात्री दोनला दार वाजलं
की पहिला उठतो तोच.

आदल्या पोळ्याला एक बाई आणली,
जमिनीवर निजलेली, मण्यार चावलेली.
आधी पापण्या मिटल्या, मग शब्द, मग श्वास.
अंबू बॅग कपाटात,
कपाटाची किल्ली फार्मासिस्टकडे,
फार्मासिस्ट म्हसरूळला, बहिणीकडे.
कुलूप फोडलं
तर आत मास्क निघाला तान्ह्या बाळाचा.
तिचा हात माझ्या हातात होता, गरम.
मण्यारीत माणूस हलत नाही, पण ऐकत असतो
हे मला पुढं कळलं,
सिव्हिलमधल्या प्रशिक्षणात, जेवणाच्या सुट्टीआधी.

तिथं रबरी बाहुला एक, आम्ही चाळीस जणी.
माझ्या वाट्याला दोन मिनिटं आली
आणि एक प्रमाणपत्र,
त्यावर वाघचौरेचं वाघमारे झालेलं.

परत आल्यावर रात्रपाळीत
नागलीच्या गोणीला मी डोकं दिलं, उशीचं.
मान मागे, हौशिराम. हनुवटी वर.
बोटं अशी, इंग्रजी सी काढल्यासारखी.
तो म्हणाला, विळ्यासारखी ना?
हो. विळ्यासारखी.
छाती उचलली पाहिजे, पोट नाही.
आणि पाच सेकंदांनी एकदा दाब,
घाबरून भराभर नाही.

त्याच्याकडे घड्याळ नाही.
त्यानं शेळ्या मोजल्या.
काळी, बांडी, मोरी, कानकापी, लंगडी.
लंगडी आली की दाब.
मी माझं घड्याळ लावून पाहिलं. बरोबर पाच.
लंगडी तर बिबट्यानं नेली ना रे?
नेली बाई, पण मोजायला आहे.

मग श्रावणात नवसू आला, अकरा वर्षांचा,
बापाच्या खांद्यावर ओल्या घोंगडीसारखा.
बॅग खिळ्यावर होती.
मास्क मी धरला, दोन्ही हातांनी,
हौशिराम बॅगेवर.
लस चढत होती, गाडी निघाली,
कोटंबीचा घाट, सावळघाट,
वळणावर ड्रायव्हर शिव्या देत होता, रस्त्याला, देवाला,
आणि मागं हा आपला एका सुरात
काळी, बांडी, मोरी, कानकापी,
लंगडी.
काळी, बांडी.
करंजाळीला मी म्हटलं, दे माझ्याकडे, थकलास.
त्यानं मान हलवली. बोलला असता तर मोज चुकली असती.
रामशेजच्या पायथ्याशी उजाडायला लागलं.
त्याचं मनगट सुजलं होतं,
मला तेव्हा पहिल्यांदा दिसलं.

सिव्हिलच्या दारात पोराला आत नेलं, मशीनवर.
तरुण डॉक्टरीण बाहेर आली,
बॅग कोण दाबत होतं?
हौशिरामनं चपला काढल्या, साहेबांपुढं काढतो तशा.
नंतर टपरीवर चहाचा कागदी कप
त्याच्या हातात चार वेळा चेंबला.
पाचव्यांदा चहा मी धरला.

चौथ्या दिवशी नळी निघाली.
नवसू पहिलं बोलला ते पाण्याचं,
दुसरं असं, की अंधारात
रात्रभर कुणीतरी शेळ्या हाकत होतं,
आणि एक सारखी मागं राहत होती.

हौशिराम हसला, इतका हसला
की वॉर्डातल्या सिस्टरनं दटावलं.

मला हसता आलं नाही.
मला ती पोळ्याची बाई आठवली.
तिनंही ऐकलं असणार.
किल्ली कुठंय, किल्ली कुठंय,
आणि मग कुलपावर दगडाचे घाव,
सात असतील, आठ असतील,
मी मोजले नव्हते.